विलीनीकरणातलं रोस्टर आणि सहीसाठी आलेला नवा करार

प्रश्न विचारणारे सहवैमानिक पुण्यात विमाननगरला राहतात आणि एका छोट्या प्रादेशिक विमान कंपनीत एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, उडवतात. कंपनी दुसऱ्या, थोड्या मोठ्या कंपनीत विलीन होते आहे. नवा करार ईमेलने आला आहे आणि सहीला पंधरा दिवस दिले आहेत. ज्येष्ठतेबद्दल त्यात ‘योग्य वेळी कळवण्यात येईल’ एवढंच वाक्य आहे. गेले काही महिने रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांचं वेळापत्रक, इतकं हलतंय की घरात पुढच्या आठवड्याचं काही ठरवता येत नाही. सही करावी का, आणि नाही केली तर काय होईल, असं त्यांनी विचारलं आहे.

माझी बरीचशी नोकरी क्रू शेड्युलिंगमध्ये गेली, म्हणजे तुमच्या आणि माझ्या टेबलाच्या मध्ये नेहमी रोस्टर असायचं. त्यामुळे पुढचं सगळं पेअरिंग, म्हणजे एकत्र जोडून दिलेल्या फेऱ्या, बनवणाऱ्याच्या बाजूने सांगतोय. वकिलाचा सल्ला वेगळा घ्याच.

आधी थेट उत्तर. करारातला पगाराचा आकडा सगळ्यात शेवटी वाचा. दोन कंपन्या एक होतात तेव्हा गुंतवणूकदारांना बचतीचा एक तक्ता दाखवलेला असतो. इंधन स्वस्त होत नाही, विमानांचं भाडं ठरलेलं असतं, विमानतळाचे दर कोणी कमी करत नाही. हाताशी उरतात ते क्रूचे तास, हॉटेलच्या खोल्या आणि बेस, म्हणजे जिथून क्रूची ड्यूटी सुरू होते ती शहरं. तक्त्यातली बचत मोठ्या प्रमाणात तिथूनच यायची असते, आणि ती कशी येणार हे करारात पगाराच्या पानावर नाही, व्याख्यांच्या पानावर सापडतं. सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाते तेव्हा शहाणा सभासद गुळगुळीत ब्रोशर बाजूला ठेवून कार्पेट एरियाची ओळ शोधतो. तुम्हालाही तेच करायचं आहे. तुमच्या करारात अशा चार ओळी आहेत: हमी तास (उडालात नाहीत तरी महिन्याला ज्यांचे पैसे मिळतात ते), बेस, ज्येष्ठतेची तारीख, आणि ‘कंपनीला वेळोवेळी बदल करण्याचा अधिकार राहील’ ही.

या ओळींकडे जाण्याआधी रोस्टर का हलतंय ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात राग तिथे दिसला.

विलीनीकरण जाहीर झालं म्हणजे दोन्ही कंपन्या एक झाल्या असं नसतं. डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचं, एकच ऑपरेटर प्रमाणपत्र मिळेपर्यंत कायद्याच्या नजरेत त्या दोन वेगळ्या कंपन्या असतात. दोघांकडे एटीआर ७२-६०० असलं तरी ऑपरेशन्स मॅन्युअल वेगळं, एसओपी, म्हणजे ठरलेली कार्यपद्धती, वेगळी, चेकलिस्टचे शब्दसुद्धा वेगळे. तुम्ही त्यांच्या विमानात प्रवासी म्हणून बसू शकता, सहवैमानिकाच्या उजव्या सीटवर नाही. पण व्यापारी विभाग एवढा वेळ थांबत नाही. तो मार्ग आधीच इकडून तिकडे हलवायला लागतो. त्याच सुमारास प्रत्येक वैमानिकाला फरकाच्या प्रशिक्षणासाठी रोस्टरमधून काढावं लागतं, आणि प्रशिक्षण देणारे इन्स्ट्रक्टर, एक्झामिनरही लाइनवरचेच, म्हणजे रोजच्या फेऱ्या उडवणारेच असतात. नवी भरती मात्र ‘विलीनीकरणानंतर बघू’ म्हणून गोठवलेली असते.

आता एक छोटा बेस घ्या. समजा पुण्यात वीस वैमानिक आहेत. तीन वर्गात, दोन सिम्युलेटरला, दोघे इन्स्ट्रक्टर म्हणून दुसऱ्या शहरात, दोघांनी राजीनामे देऊन नोटिशीच्या काळातल्या रजा काढल्या, एक आजारी. उरले दहा. वेळापत्रक मात्र वीस जणांचंच आहे. मोठ्या कंपनीत अशी तूट स्टँडबायमधून, म्हणजे राखीव वैमानिकांमधून, भरून निघते. वीस जणांच्या बेसवर स्टँडबायला असून असून किती असणार! म्हणून संध्याकाळी सात वाजता फोन येतो, उद्याचा ऑफ परवा ढकलला जातो, दिवसाच्या चार सेक्टरचे, म्हणजे उड्डाणांचे, सहा होतात. यात दुष्टपणा फार कमी असतो. गणित आधीच चुकलेलं असतं आणि ज्या माणसाने ते मांडलं तो रोस्टर बनवत नसतो.

पुण्याचा लोहगाव विमानतळ हा या सगळ्यात आणखी एक वेगळा त्रास. धावपट्टी हवाई दलाची, नियंत्रणही त्यांचं, स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याच्या ठरवून दिलेल्या वेळा, मोजके, विमानं उभी करायला जागा मोजकी. जुलै २०२४ मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं, ते प्रवाशांसाठी उत्तमच आहे, पण टर्मिनल वाढल्याने धावपट्टीवर एकही जास्तीचं विमान उतरत नाही. विलीन झालेल्या कंपनीला दोघांचे स्लॉट मिळून जे मिळतं त्यातून ती मोठ्या विमानाला झुकतं माप देते, आणि एटीआरच्या फेऱ्या कडेच्या वेळांना ढकलल्या जातात, पहाटे किंवा रात्री उशिरा. तिथे तुमचा ड्यूटी कालावधीचा नियम आडवा येतो.

डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये ड्यूटी आणि विश्रांतीचे नवे नियम काढले आणि ते २०२५ मध्ये जुलै आणि नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत लागू झाले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ झाली, ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली जाऊ लागली, आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. एटीआरसारख्या, दिवसात अनेक छोट्या फेऱ्या मारणाऱ्या विमानाला ही शेवटची ओळ सगळ्यात जास्त लागते. नियम बदलला की त्याच वेळापत्रकाला जास्त माणसं लागतात, आणि ती आधी भरली नाहीत तर काय होतं ते डिसेंबर २०२५ मध्ये देशाने पाहिलं. इंडिगोची एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली, लोहगावच्या पार्किंग बे क्रूची वाट बघणाऱ्या विमानांनी अडून बसल्या, आणि डीजीसीएला फेब्रुवारी २०२६ पर्यंत सवलत द्यावी लागली. तिथे तर विलीनीकरणही नव्हतं. तुमच्या कंपनीच्या बचतीच्या तक्त्यात क्रूची संख्या कुठल्या नियमांवर मोजली आहे, हा प्रश्न पहिल्याच टाउनहॉलमध्ये विचारा. उत्तर देणाऱ्याचा चेहरा बघून बरंच कळेल.

आता हमी तास. सगळ्यात ताजं आणि स्पष्ट उदाहरण विस्तारा या विमान कंपनीचं आहे. एअर इंडियात विलीन होण्याआधी, २०२४ च्या सुरुवातीला, त्यांच्या वैमानिकांना नवे करार दिले गेले. त्यात आधीच्या सत्तर तासांच्या हमीऐवजी चाळीस तासांची हमी होती, वर उडाल तेवढे पैसे. एप्रिलमध्ये वैमानिक कमी पडले, बरेच जण आजारपणाच्या रजेवर गेले, कंपनीने रोज पंचवीस ते तीस उड्डाणं, म्हणजे क्षमतेच्या सुमारे दहा टक्के, कमी केली. मुख्याधिकाऱ्यांनी रोस्टर फार ताणलं गेल्याचं कबूलही केलं. बहुतेकांनी करारावर सह्या आधीच केलेल्या होत्या, हे लक्षात ठेवण्यासारखं. सही झाली म्हणजे प्रश्न मिटला असं व्यवस्थापनाला वाटतं. पण असंतोष मग रोस्टरमधून बाहेर पडतो.

कागदावर सत्तरचे चाळीस फारसे भयंकर वाटत नाहीत, कारण ‘तासाचा दर वाढवला आहे’ असं शेजारीच लिहिलेलं असतं. स्वतःच्या लॉगबुकवर हिशेब करून बघा. समजा दर तासाला ३,००० रुपये आहे आणि एखाद्या महिन्यात तुम्ही ५२ तास उडालात. सत्तरच्या हमीत तुम्हाला सत्तर तासांचे पैसे मिळतात, २,१०,००० रुपये. चाळीसच्या हमीत ५२ तासांचे, १,५६,०००. फरक ५४,००० चा, आणि तो भरून काढायला तासाचा दर ४,००० च्या वर जायला हवा. ५२ तास का उडालात? पावसाळ्यात फेऱ्या कमी झाल्या, विमान देखभालीला गेलं, तुम्ही सिम्युलेटरला होता. यातलं एकही कारण तुमच्या हातात नाही. हमी कमी करणं म्हणजे वेळापत्रक फसण्याचा धोका कंपनीच्या खिशातून तुमच्या खिशात सरकवणं. प्रादेशिक कंपनीत तर हे जास्त लागतं. सरकारच्या उडान योजनेतल्या मार्गांना मिळणारं अनुदान तीन वर्षांचं असतं. ते संपलं की फेरी बंद, आणि फेरी बंद झाली की तुमचे तास गेले.

म्हणून गेल्या बारा महिन्यांचे तुमचे प्रत्यक्ष तास काढा आणि नवा करार त्या प्रत्येक महिन्याला लावून बघा. सरासरीवर विसंबू नका. घराचा हप्ता सरासरीने भरत नाहीत, दर महिन्याला भरतात. आणखी एक बारीक गोष्ट बघा: सिम्युलेटर, वर्ग, डेडहेड (ड्यूटीसाठी प्रवासी म्हणून जाणं), रजा या दिवसांना हमीत किती तास धरले आहेत? पुष्कळ करारांत ते शून्य असतात आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. विलीनीकरणाच्या वर्षात प्रशिक्षणाचे दिवस भरपूर असतात, म्हणजे नेमक्या याच वर्षी ही ओळ सगळ्यात महाग पडते.

बेसबद्दल थोडक्यात. ‘सध्याचा बेस पुणे’ असं लिहिलेलं असेल तर त्यातला ‘सध्याचा’ हा शब्द तुमचा नाही, कंपनीचा आहे. छोट्या कंपनीचा बेस मोठ्या कंपनीला परवडेलच असं नाही. पुण्यात रात्री विमान मुक्कामी ठेवायला जागा नसेल तर ते मुंबईत, हैदराबादला किंवा गोव्याला झोपेल आणि पहाटे तिथूनच निघेल. मग क्रूही तिथे हवा. नियम असा आहे की कंपनीने तुम्हाला ड्यूटीसाठी एका ठिकाणाहून दुसरीकडे नेलं तर तो वेळ ड्यूटीत मोजला जातो. पण बेसच मुंबई केला तर पुण्याहून मुंबईला जाणं हा तुमचा खासगी प्रवास ठरतो. पहाटे पाचच्या रिपोर्टिंगसाठी रात्री बाराला घरातून निघालेला माणूस कागदावर पूर्ण विश्रांती घेतलेला असतो. एक्सप्रेसवेवरचे ते तीन-चार तास कुठल्याच मर्यादेत येत नाहीत, आणि मला विचाराल तर सुरक्षेच्या दृष्टीने विलीनीकरणातला सगळ्यात धोकादायक बदल हाच असतो. पगाराइतका त्याच्यावर गदारोळ होत नाही. बेस बदलासाठी किती दिवसांची सूचना, स्थलांतराचा खर्च, आणि निदान दीड-दोन वर्षं बेस कायम ठेवण्याची हमी, या तीन गोष्टी लेखी मागा. तिसरी मिळणं कठीण. पहिल्या दोन मिळतात, मागितल्या तर.

आता ज्येष्ठता. इथे थोडा इतिहास सांगावा लागेल, कारण ‘योग्य वेळी कळवू’ या वाक्यामागे तोच आहे.

आपल्याकडे प्रादेशिक कंपनी मोठ्या कंपनीत घालण्याचा जुना प्रयोग वायुदूतचा. १९८१ मध्ये सुरू झालेली ही सरकारी कंपनी डॉर्नियर आणि अॅव्रोसारखी छोटी विमानं छोट्या गावांना नेत असे. १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन केली. छोट्या विमानाचा कॅप्टन मोठ्या कंपनीच्या रांगेत कुठे उभा राहणार, हा तुमचा आजचा प्रश्न तेव्हाही तसाच होता. पण ज्याने सगळ्यांना शहाणं करायला हवं होतं ते विलीनीकरण २००७ चं, एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सचं. कंपनी कागदावर एक झाली. पगार, भत्ते, बढतीचा वेग, संघटना, सगळं दोन-दोन राहिलं. इंडियन एअरलाइन्सकडच्या वैमानिकांची संघटना आयसीपीए, एअर इंडियाकडची इंडियन पायलट्स गिल्ड. २०११ मध्ये पहिली संघटना वेतनसमानतेसाठी संपावर गेली. मग सरकारने न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली, तिचा अहवाल २०१२ च्या सुरुवातीला आला. त्याच वर्षी मे महिन्यात दुसरी संघटना उठली. कारण होतं बोइंग ७८७. नव्या ड्रीमलायनरचं प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही मिळणार, मग आमच्या कमांडची, म्हणजे कॅप्टन होण्याची, रांग लांबणार, हा त्यांचा मुद्दा. संप ५८ दिवस चालला, संघटनेची मान्यता काढली, शंभराच्या आसपास वैमानिक बडतर्फ झाले.

लोकांनी तेव्हा ‘एवढे पगार घेऊन संप करतात’ म्हणून वैमानिकांना नावं ठेवली. मला त्यात वेगळंच दिसलं. विलीनीकरणानंतर पाच वर्षं यादीचा प्रश्न लोंबकळत ठेवला, आणि नवं विमान आलं त्या दिवशी तो फुटला. यादी ठरलेली नसेल तर कंपनीला मिळालेली प्रत्येक नवी गोष्ट, विमान असो, मार्ग असो, बेस असो, भांडणाचं कारण होते.

अमेरिकेत हे प्रकरण जास्त जुनं आणि जास्त कायदेशीर आहे, आणि गंमत म्हणजे त्याची सुरुवात प्रादेशिक कंपन्यांपासून झाली. अॅलेघेनी आणि मोहॉक या दोन स्थानिक कंपन्या १९७२ मध्ये एक झाल्या, तेव्हा ज्येष्ठतेच्या याद्या ‘न्याय्य आणि समतोल’ रीतीने जोडाव्यात आणि जमलं नाही तर लवादाकडे जावं अशी अट घातली गेली. पुढे २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही कंपनी घेतली आणि टीडब्ल्यूएच्या अनेक कर्मचाऱ्यांना यादीत तळाशी जावं लागलं. त्यावरून २००७ च्या शेवटी मॅकॅस्किल-बाँड कायदा आला आणि अॅलेघेनी-मोहॉकची ती अट सगळ्यांना लागू झाली. आपल्याकडे वैमानिकांच्या यादीबाबत असा खास कायदा नाही. म्हणून तुमचं ते वाक्य इतकं मोघम राहू शकतं.

पण कायदा असूनही सगळं सुरळीत होतं असं नाही. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट २००५ मध्ये एक झाल्या. पहिल्या कंपनीत सतरा वर्षं नोकरी झालेले वैमानिक कपातीच्या उंबरठ्यावर होते, दुसरीत काही महिन्यांपूर्वी लागलेली मुलं होती. २००७ मध्ये लवादाने नुसती नोकरीची वर्षं न धरता विलीनीकरणाच्या दिवशी प्रत्येकाच्या नोकरीची स्थिती काय होती ते धरलं, आणि हे दोन्ही प्रकारचे लोक यादीत शेजारी-शेजारी आले. एका बाजूने निकाल मानलाच नाही. जुनी संघटना मतदानाने बाद करून नवी काढली. दोन्ही गट वर्षानुवर्षं वेगवेगळ्या करारांवर वेगवेगळं उडत राहिले. शेवटची एकत्र यादी आली २०१६ मध्ये, तोवर कंपनी अमेरिकनमध्ये जाऊन तिचं नावही पुसलं गेलं होतं.

तुमच्या परिस्थितीशी सगळ्यात जास्त जुळणारं उदाहरण मात्र एक्स्प्रेसजेटचं. स्कायवेस्टने २०१० मध्ये ही प्रादेशिक कंपनी घेतली आणि आपल्या अॅटलांटिक साउथईस्टशी जोडली. २०११ च्या अखेरीस प्रमाणपत्र एक झालं, नाव एक झालं. एकत्र करार मात्र झालाच नाही. २०१४ मध्ये एक मसुदा वैमानिकांनी मतदानात नाकारला. एकाच नावाच्या कंपनीत एम्ब्रेअर विमानांवरचे वैमानिक एका करारावर, सीआरजे विमानांवरचे दुसऱ्या करारावर. दोन करार म्हणजे विश्रांतीचे, अदलाबदलीचे, जादा तासांचे नियम दोन. म्हणजे शेड्युलिंगच्या खोलीत दोन वेगळ्या रांगा, आणि एका बाजूला माणसं पडून असली तरी दुसऱ्या बाजूला फेरी रद्द. बचतीच्या तक्त्यातलं सगळं तिथेच वाहून जातं. २०१९ मध्ये स्कायवेस्टने ती कंपनी विकून टाकली.

तर यादी जोडायच्या पद्धती मुळात तीनच, बाकीची सगळी भेसळ. नोकरीला लागल्याच्या तारखेनुसार. किंवा पद आणि विमान यांच्या प्रमाणात, म्हणजे इकडचे तीन तिकडचे पाच अशी वीण घालून. किंवा घेणाऱ्या कंपनीची पूर्ण यादी वर आणि आलेल्यांची खाली. तुम्ही छोट्या कंपनीतून येताय, म्हणून तारखेची पद्धत तुम्हाला आपोआप गोड वाटेल. घाई करू नका. तुमची कंपनी नवी असेल आणि सगळेच अलीकडे लागलेले असतील, तर तारखेत तुम्ही सगळेच्या सगळे खाली जाल, आणि प्रमाणाची पद्धत तुमच्या जास्त फायद्याची ठरेल. शिवाय ‘तारीख’ कुठली? कंपनीत रुजू झाल्याची, एटीआर उडवण्याचा परवाना, म्हणजे टाइप रेटिंग, मिळाल्याची, की प्रशिक्षण संपून लाइनवर सोडल्याची? या तीन तारखांमध्ये वर्षभराचं अंतर पडू शकतं, आणि दोन्ही कंपन्या वेगवेगळी तारीख वापरत असतील तर एका बाजूचे सगळे एका रात्रीत वर सरकतात.

निवृत्तीचं वयही बघा. विलीनीकरणाच्या वेळी विस्तारात ते ६० होतं, तर एअर इंडियात तेव्हा ५८ आणि पुढे करारावर काहींना मुदतवाढ होती. परवान्याची मर्यादा ६५. वरचे लोक किती वर्षं बसणार यावर तुमच्या कमांडची तारीख ठरते, आणि हे कोणत्याही ज्येष्ठता यादीत लिहिलेलं नसतं.

इथे एक सावधगिरी. अमेरिकी वैमानिकांचे सल्ले वाचून पुष्कळ तरुण गोंधळतात. तिकडे ज्येष्ठतेनुसार दर महिन्याला रोस्टरवर बोली लागते. यादीतला क्रमांक म्हणजे कुठल्या सुट्ट्या, कुठली फेरी, सगळं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी रोस्टर सॉफ्टवेअर आणि क्रू कंट्रोल बनवतात, पसंती विचारली तरी ती विनंती असते. त्यामुळे आपल्या यादीचा उपयोग कमांड, जेटवर जाणं आणि बेस एवढ्यापुरता. रोजचं आयुष्य यादी ठरवत नाही, रोस्टरचे नियम ठरवतात. रोस्टर महिन्याच्या किती दिवस आधी प्रसिद्ध होणार, प्रसिद्ध झाल्यावर किती तासांच्या आत बदल करायचा असेल तर तुमची संमती लागणार, ऑफ मोडला तर बदली ऑफ कधी, अदलाबदलीला कोण परवानगी देणार. हे कराराच्या मुख्य भागात नसतं, ‘क्रू पॉलिसी’ नावाच्या परिशिष्टात असतं, आणि करारात फक्त ‘पॉलिसीनुसार’ असं म्हटलेलं असतं. पॉलिसी कंपनी एकतर्फी बदलू शकते. सही करण्याआधी त्या पॉलिसीची आजची तारीख असलेली प्रत मागा.

का म्हणतो ते सांगतो. एका विलीनीकरणात मी रोस्टरची माहिती एका संगणक प्रणालीतून दुसरीत हलवण्याच्या कामावर होतो. एका कंपनीचं रोस्टर पूर्ण महिन्याचं निघायचं, दुसरीचं पंधरा-पंधरा दिवसांचं. एका बाजूला मंजूर रजेचा जो कोड होता, तोच कोड दुसऱ्या प्रणालीत ‘उपलब्ध, स्टँडबाय’ असा वाचला जायचा. पुणे आणि मुंबई बेसच्या लोकांच्या गणपतीच्या रजा, महिनोन् महिने आधी मंजूर झालेल्या, नव्या पडद्यावर स्टँडबाय म्हणून उगवल्या. ज्यांच्याकडे मंजुरीचा ईमेल होता त्यांची रजा अर्ध्या दिवसात परत आली. ज्यांनी जुन्या पोर्टलवर विश्वास ठेवला होता, त्यांचं पोर्टल तोवर बंद झालेलं होतं.

कायद्याचं चित्र ढोबळपणे असं. कंपन्यांचं विलीनीकरण कंपनी कायदा २०१३ च्या कलम २३० ते २३२ खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मंजुरीने होतं. त्या योजनेत बहुतेक वेळा एक परिच्छेद असतो: कर्मचारी सेवेत खंड न पडता आणि आधीपेक्षा कमी लाभदायक नसलेल्या अटींवर नव्या कंपनीत जातील. ही योजना मिळवून वाचा. तो परिच्छेद असेल, तर विलीनीकरणाच्या आधी घाईने नवा करार का सही करून घेताहेत हे तुम्हाला लगेच कळेल: तुम्ही स्वतःच्या सहीने अटी बदलल्या की ‘आधीपेक्षा कमी’ची तुलना त्या बदललेल्या अटींशी होते. अशी सही सक्तीने घेता येत नाही. पण सही न करणाऱ्याला कमांडच्या वर्गाला बोलावलं जात नाही, जेटचं प्रशिक्षण मिळत नाही, आणि तसं कुठे लिहिलेलंही नसतं. कामगार कायद्यांचं संरक्षण वैमानिकाला किती, यावर न्यायालयांत बरेच वाद झालेत, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्यात. तेवढ्यासाठी दोघा-चौघांनी मिळून चांगला कामगार वकील करा. फी वाटली की फार पडत नाही.

सोडून जायचा विचार असेल तर डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाने सहवैमानिकाला सहा महिने आणि कॅप्टनला बारा महिने नोटीस आहे. नोटिशीच्या काळात कंपनीने पगार किंवा सवलती कमी केल्या तर लवकर मोकळं करण्याची मागणी करता येते, ही तरतूद फार थोड्यांना माहीत असते. प्रशिक्षणाच्या खर्चापोटी लिहून दिलेला बाँडही विलीनीकरणाने आपोआप संपत नाही, तो नव्या कंपनीकडे जातो. नोटीस न देता निघून जाणं २०२३ मध्ये अकासा एअरच्या काही वैमानिकांना थेट मुंबई उच्च न्यायालयापर्यंत घेऊन गेलं. तो रस्ता नकोच.

आणि आजारपणाच्या रजेचं हत्यारही नको. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन क्रूने, तिथेही एआयएक्स कनेक्ट या कंपनीशी विलीनीकरण चालूच होतं, एकाच वेळी आजारी असल्याचं कळवलं. ऐंशीहून जास्त उड्डाणं रद्द झाली, पंचवीस जणांना काढलं, मग कामगार आयुक्तांसमोर तडजोड होऊन त्यांना परत घेतलं. त्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या, असं माझं मत आहे. पण त्यानंतर खरोखर थकलेला माणूसही रजा टाकताना घाबरतो, आणि ते मला जास्त वाईट वाटतं. थकवा असेल तर थकव्याचा अहवाल भरा, त्याच दिवशी, रोस्टरचा क्रमांक घालून. एकाचा अहवाल फायलीत जातो. एकाच पेअरिंगवर सहा जणांचे अहवाल आले की मी स्वतः ते पेअरिंग मोडलेलं आहे, कारण लेखापरीक्षणात ते मलाच दाखवावं लागतं.

तर पंधरा दिवसांत काय कराल? आज कंपनीला एक सभ्य ईमेल टाका: ज्येष्ठतेची पद्धत आणि तारीख, हमी तासांत प्रशिक्षणाचे दिवस कसे धरले आहेत, बेस बदलाची सूचना, आणि क्रू पॉलिसीची प्रत, हे मिळाल्यावर निर्णय घेईन. एकट्याने नको, पुणे बेसवरच्या जितक्यांना पटेल तितक्यांनी तोच मजकूर आपापल्या नावाने पाठवावा. अशा पत्रांनंतर मुदत वाढते, बहुतेक वेळा. काहीच मिळालं नाही आणि सही करावीच लागली, तर ‘ज्येष्ठता आणि मूळ योजनेतील सेवाशर्तींबाबतचे माझे हक्क राखून’ अशी ओळ हाताने लिहून सही करा आणि त्या पानाचा फोटो ठेवा.

आणि आज रात्रीच गेल्या वर्षभराची सगळी रोस्टर, प्रसिद्ध झालेली आणि प्रत्यक्ष उडालेली अशी दोन्ही, मंजूर रजा आणि पगारपत्रकं उतरवून कंपनीबाहेरच्या खात्यात ठेवून द्या. जुनं क्रू पोर्टल बंद होण्याची तारीख साधारण दोन दिवस आधी कळते.